‘दीनबंधु’चा हिशेब

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे, वक्त्याने तपासून दिलेले शब्दांकन.)



संयोजकांनी मला ‘कामगार चळवळ आणि वृत्तपत्रे’ असा विषय दिला होता. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर सर्वसाधारण विधाने करून श्रोत्यांची सुटका करण्याची सवय आम्हा प्राध्यापकांना असते. ती आज टाळावयाची असे मी ठरविले आहे. म्हणून एकाच साप्ताहिकाची हकीकत आपणापुढे ठेवणार आहे. त्या साप्ताहिकाचे नाव ‘दीनबंधु’. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले आहे. ‘रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे पत्र’ अशी त्याची ओळख आपण भाषणांतून करून देतो आणि पुढे जातो. आज थोडे थांबून पाहावे अशी माझी विनंती आहे. कारण या पत्राच्या थोरवीतून जेवढे शिकण्यासारखे आहे, तेवढेच त्याच्या उणिवांतूनही आहे.

‘दीनबंधु’चा पहिला अंक पुण्यात निघाला तो १ जानेवारी १८७७ रोजी. याच दिवशी दिल्लीस लॉर्ड लिटन यांनी मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. दरबारात संस्थानिकांच्या हत्तींची आणि तोफांच्या सलामीची धामधूम चालू होती, तेव्हा दख्खनात १८७६ चा पाऊस चुकल्यामुळे दुष्काळ पडला होता आणि पुणे, सोलापूर, नगर, विजापूर या भागांतील शेतकरी गाव सोडून निघाले होते. दोन वर्षांपूर्वीच, म्हणजे १८७५ मध्ये, सावकारांच्या विरुद्ध दख्खनच्या रयतेचा उठाव झालेला होता. अशा वेळी पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे कृष्णराव पांडुरंग भालेकर या सत्यशोधक कार्यकर्त्याने शेतकरी व कारागीर वर्गाची बाजू मांडण्यासाठी पत्र काढले. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. त्या समाजावर चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तून टीकेची झोड उठत होती, आणि तिला उत्तर देण्यासाठी समाजाजवळ स्वतःचे पत्र नव्हते. ‘दीनबंधु’ने ती उणीव भरून काढली.

भालेकरांनी हे पत्र सुमारे तीन वर्षे ओढले. ‘ओढले’ हाच शब्द योग्य आहे. ज्या वर्गासाठी पत्र काढावयाचे, त्या वर्गाला अक्षरओळख नाही. ज्यांना ती आहे, त्यांना हे पत्र नको. जाहिराती देणारा व्यापारी विरुद्ध पक्षाचा. या तिढ्यात सापडलेले पत्र पैशाअभावी पुण्यात टिकेना. १८८० मध्ये ते मुंबईस गेले आणि लोखंडे यांनी त्याचे संपादन हाती घेतले.

या स्थलांतराला मी फार महत्त्व देतो. पुण्यात ‘दीनबंधु’ हे ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध वाद घालणारे पत्र होते. मुंबईत त्याला गिरणी भेटली. लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, घराणे मूळचे खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकऱ्या केल्यावर ते मांडवी भागातील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले होते. स्टोअरकीपरला गिरणीचा आतला कारभार दिसतो: माल किती आला, किती गेला, माणसे किती वाजता आत शिरली आणि किती वाजता बाहेर पडली, दंड कोणाला झाला, पगार कधी वाटला गेला. शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे गेली की तो मुंबईस येऊन गिरणीच्या दारात उभा राहतो, ही साखळी सत्यशोधकांना पुण्यातून अर्धीच दिसत होती. लोखंडे यांना ती पुरी दिसली. आपल्या देशात कामगारांसाठी याआधीही पत्र निघाले होते. बंगालमध्ये शशिपद बॅनर्जी यांनी १८७४ मध्ये ‘भारत श्रमजीवी’ हे मासिक सुरू केले होते. पण त्या मासिकाचा भर मजुरांना सुशिक्षित व सदाचारी करण्यावर होता. कामाचे तास, पगार आणि सुट्टी या विषयांना धरून आठवड्यामागून आठवडा लिहिणारे पत्र म्हणजे ‘दीनबंधु’. १८८४ च्या सुमारास त्याच्या आठवड्याला दीड हजारांच्या आसपास प्रती खपत असत. आज हा आकडा क्षुल्लक वाटेल. त्या काळच्या मराठी पत्रांत तो लहान नव्हता. शिवाय अशा पत्राची एक प्रत एकाच माणसाने वाचावयाची नसते. चाळीच्या ओट्यावर एकाने मोठ्याने वाचावे आणि दहा जणांनी ऐकावे, ही आपल्याकडील रीत माझ्या लहानपणापर्यंत चालू होती.

आता त्या काळच्या गिरणीकडे वळू. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली, १८७५ मध्ये गिरणीमालकांची संघटनाही स्थापन झाली. कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून मजुरी मोठी असे मात्र नव्हे. साप्ताहिक सुट्टी नाही. सणावारी गिरणी बंद असे तेवढीच विश्रांती. आणि सुट्टीच्या दिवशीही यंत्रांची साफसफाई करण्यासाठी माणसांना बोलावले जाई.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने काय दिले? यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांत सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घालण्यात आली. प्रौढ पुरुषांबद्दल आणि स्त्रियांबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हते. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करावे, ही सुधारणा म्हणून मिरविली गेली. यावरून सुधारणेपूर्वीची स्थिती कशी असेल याची कल्पना आपणच करावी.

या पार्श्वभूमीवर १८८४ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कायद्याच्या फेरविचारासाठी आयोग नेमला. कामगारांना काय हवे, हे आयोगाला मालक सांगणार, डॉक्टर सांगणार, कलेक्टर सांगणार; कामगार सांगतील ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सुपारीबागेत कामगारांच्या दोन सभा बोलावल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाकडे धाडले. त्यातील मागण्या पाच: रविवारी पूर्ण सुट्टी; दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती; सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा दिवस; मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा; आणि काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार व कायमचा निकामी झालेल्याला निर्वाहाची सोय.

यातील चौथ्या मागणीकडे मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आपले लक्ष वेधू इच्छितो. इतर मागण्यांचे आपण कौतुक करतो, हिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. जून महिन्याचा पगार पंधरा जुलैला मिळावा, एवढेच मागणे होते. म्हणजे मागणी मान्य झाली तरी कामगाराने पंचेचाळीस दिवस काम केल्यावर त्याला तीस दिवसांचे पैसे मिळणार. प्रत्यक्षात पगार याहूनही उशिरा होत. उदाहरणादाखल, महिना दहा रुपये पगार आणि साठ हजार कामगार धरा. एका महिन्याचा पगार मागे ठेवला तर सहा लाख रुपये कायमचे मालकांच्या हाती राहतात. हे कर्ज आहे. ते गरिबाने श्रीमंताला दिलेले आहे, आणि ते बिनव्याजी आहे. उलट तोच कामगार त्या महिन्याचे धान्य वाण्याकडून उधार घेतो. रुपयामागे महिना एक आणा हा व्याजाचा दर आपल्या कामगार वस्त्यांत पुढेही कित्येक वर्षे ऐकू येत असे. म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. एका हाताने फुकट कर्ज द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने पंचाहत्तर टक्क्यांनी घ्यावयाचे, असा हा व्यवहार होता. पगाराची तारीख हा विषय किरकोळ नाही हे ओळखण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, गिरणीतल्या माणसाशी बोलावे लागते. ते लोखंडे करीत होते म्हणून ती मागणी निवेदनात आली.

आता या पत्राच्या खऱ्या कसोटीकडे येतो. फॅक्टरी कायद्याचा आग्रह सर्वांत मोठ्याने कोण धरीत होते? लँकेशायरचे गिरणीमालक. मुंबईची गिरणी आपल्या मालाशी स्पर्धा करते, तेथे तासांचे बंधन नाही, म्हणून तेथेही कायदा लावा, अशी त्यांची ओरड होती. त्यांना हिंदी मजुराचा कळवळा आलेला नव्हता, हे उघड आहे. त्यांच्याच दबावाने १८८२ मध्ये परदेशी कापडावरील आयातकर रद्द झाला. तेव्हा आपल्याकडील राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनी असा पवित्रा घेतला की फॅक्टरी कायदा हा स्वदेशी धंदा बुडविण्याचा इंग्रजी डाव आहे आणि म्हणून त्याला विरोध केला पाहिजे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांचीही भूमिका कायद्याच्या विरोधाची होती. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. डाव खरोखरच होता. पण डाव लँकेशायरचा असला म्हणून मुंबईच्या मुलाचे नऊ तास कमी होत नाहीत आणि स्त्रीच्या पाठीचा कणा दुखावयाचा थांबत नाही. परकीय भांडवलदार आणि स्वदेशी भांडवलदार यांच्या भांडणात कामगाराने कोणाच्या बाजूने उभे राहावे, असा प्रश्न सर्वांनी त्याच्यापुढे टाकला होता. ‘दीनबंधु’ने कामगाराने स्वतःच्या बाजूने उभे राहावे असे सांगितले.

मित्रहो, आज हे सोपे वाटते. त्या काळी ही भूमिका घेणाऱ्याला ‘सरकारधार्जिणा’ म्हणवून घ्यावे लागत असे, आणि लोखंडे यांना त्या आरोपाला स्वतःच्या वागण्याने थोडी जागाही करून दिलेली होती. इंग्रजी राज्याविषयी सत्यशोधकांच्या मनात आशा होती. पुढे १८९५ मध्ये लोखंडे रावबहादूरही झाले. या गोष्टी झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण केवळ सरकारधार्जिणेपणा म्हणून या पत्राची बोळवण करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात शिक्षा भोगून टिळक आणि आगरकर तुरुंगातून सुटले तेव्हा त्यांच्या स्वागतात सत्यशोधक मंडळी होती, आणि या खटल्यातील जामिनाची रक्कम उभी करण्यात फुल्यांच्या स्नेह्याचा हात होता. मतभेद असले तरी माणुसकी शिल्लक होती. आणि १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगाराने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. म्हणजे कामगाराने देशाकडे कधीच पाठ फिरवली नव्हती. देशाच्या नावाने त्याचा हिशेब बुडवू नका, एवढेच त्याचे म्हणणे होते.

१८८४ च्या निवेदनाने लगेच काही हाती आले नाही. सहा वर्षे गेली. सहा वर्षे म्हणजे साप्ताहिकाचे तीनशेहून अधिक अंक. चळवळीच्या इतिहासात आपण सभांच्या तारखा लिहितो. दोन सभांच्या मधल्या काळात मागणी जिवंत कोणी ठेवली, हे लिहीत नाही. ते काम साप्ताहिकाचे असते. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सभा भरली तेव्हा सुमारे दहा हजार कामगार जमले. गिरण्यांतील कामगारांची एकूण संख्या तेव्हा साठ हजारांच्या आसपास होती. म्हणजे सहांमागे एक माणूस सभेला आला होता. दोन कामगार स्त्रियांनी या सभेत भाषणे केली. ज्या काळात सुशिक्षित घरांतील स्त्रीने सभेत बोलणे हा वादाचा विषय होता, त्या काळी या दोन बाया दहा हजार माणसांपुढे उभ्या राहिल्या. त्याच वर्षी विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय मुंबईच्या नाभिकांनी लोखंडे यांच्या पुढाकाराने केला. पगाराचा प्रश्न आणि समाजसुधारणेचा प्रश्न यांची वेगवेगळी खाती ‘दीनबंधु’च्या मंडळींनी ठेवली नव्हती.

१० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्वांसाठी आली, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा मिळाली, कामावर घेण्याचे मुलांचे किमान वय नऊ झाले. या यशाचे सगळे श्रेय एका माणसाला वा एका पत्राला देणे इतिहासाला धरून होणार नाही. लँकेशायरचा दबाव होताच. मार्च १८९० मध्ये बर्लिनला मजुरांच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिचाही परिणाम होता. पण बाहेरून आलेल्या दबावाने कायदा होतो तेव्हा त्यात कामगाराची स्वतःची मागणी बसेलच असे नाही. रविवार आणि दुपारची विश्रांती या दोन गोष्टी १८८४ च्या निवेदनातल्या आहेत. कायद्याच्या मसुद्यात कामगाराचे शब्द शिरले, हे ‘दीनबंधु’चे यश.

आता उणिवांविषयी. त्या दोन आहेत, आणि दोन्ही आपल्यालाही लागू पडतात.

पहिली उणीव धैर्याची. फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून पूर्ण केला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढची छापावयाचे थांबविले. मजकूर फार प्रखर आहे, सरकारचा रोष ओढवेल, अशी भीती संपादकाला वाटली असावी. १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याची आठवण ताजी होती, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल. तरीही फुले संतापले आणि त्यांनी या भित्रेपणाबद्दल लेखी फटकारले. ज्यांच्या विचारावर पत्र उभे, त्यांचाच लेख पत्राला पेलला नाही. मी लोखंडे यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. छापखाना बंद पडला तर सगळेच संपेल, या विचाराने संपादक हात आखडतो. पुढच्या आठवड्यात आणखी थोडा आखडतो. आणि छापखाना शाबूत राहतो, पण छापण्यासारखे काही उरत नाही. चळवळीच्या प्रत्येक पत्राच्या आयुष्यात हा क्षण येतो. ‘दीनबंधु’च्याही आला होता, हे आपण माहीत करून घेतले पाहिजे.

दुसरी उणीव संघटनेची. लोखंडे ज्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनचे अध्यक्ष होते, तिच्याजवळ सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती; फॅक्टरी कायद्याच्या अंमलबजावणीच्या १८९२ च्या अहवालात सरकारी अधिकाऱ्याने तसे नमूद करून ठेवले आहे. जो कामगार येईल त्याला लोखंडे सल्ला देत, अर्ज लिहून देत. पत्राचेही तेच. वर्गणीदारांचे जाळे नव्हते. मुंबईतील सत्यशोधक कंत्राटदार आणि स्नेही यांच्या मदतीवर आणि संपादकाच्या कष्टांवर गाडा चालला होता. चार्टिस्टांचे ‘नॉर्दर्न स्टार’ १८३७ मध्ये इंग्लंडात निघाले ते प्रामुख्याने वाचकांच्या पैशावर. तेथील मजूर चार जणांत मिळून एक अंक विकत घेत. आपल्याकडे गरिबी अधिक होती हे खरे, पण सवयही लावली गेली नाही. ज्या पत्राचा पैसा वाचकाकडून येत नाही, त्या पत्रावर वाचकाचा अधिकारही राहत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत होते तेव्हा लोखंडे मागे राहून रोग्यांची व्यवस्था पाहत होते, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. असोसिएशन त्यांच्याबरोबर संपल्यात जमा झाली. पत्र मात्र अडखळत पुढे चालले. विसाव्या शतकाच्या आरंभी वासुदेवराव बिर्जे यांनी ते हाती घेतले, आणि त्यांच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी काही वर्षे संपादन केले. सत्यशोधक घरात वाढलेल्या, फुल्यांच्या परिसरात शिकलेल्या तानुबाई या आपल्या देशातील पहिल्या स्त्री-संपादकांत गणल्या जातात. बहुजन समाजातील एक विधवा स्त्री राजकीय-सामाजिक साप्ताहिक चालविते, ही घटना जितकी मोठी, तितकीच ती आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लहान अक्षरांत आहे. इकडे भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये नगर जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ काढले आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ चालविले. वडिलांचे पत्र शहरात गेले, मुलाने ते नव्या नावाने गावात परत आणले.

पुढची परंपरा आपणास परिचित आहे: सी. के. बोले यांच्या कामगार हितवर्धक सभेचे ‘कामगार समाचार’, १९२७ मधील ‘क्रांती’, जे १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणगावात हातोहात गेले, आणि बाबासाहेब आंबेडकरांचे ‘जनता’, ज्याने स्वतंत्र मजूर पक्षाची बाजू मांडली. पक्ष वेगळे, विचार वेगळे. पण ज्याचा प्रश्न त्याचेच पत्र, हा धडा सर्वांनी ‘दीनबंधु’कडून घेतलेला आहे, नाव घेवो वा न घेवो.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगितले, तिकडे येतो. मी तरुण अध्यापक असताना ‘दीनबंधु’चे अंक वाचावेत म्हणून ग्रंथालये धुंडाळली. काही सुटे अंक, काही उतारे यांपलीकडे सलग संच कोठे मिळेना. मग सांगितले गेले की सरकारी दफ्तरखान्यात पाहा. इंग्रज सरकार देशी पत्रांवर पाळत ठेवण्यासाठी दर आठवड्याला त्यांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा तयार करवून घेत असे. ते अहवाल वर्षानुवर्षे क्रमाने लावून ठेवलेले आहेत. ‘दीनबंधु’ने काय म्हटले याचा बराच भाग आज आपल्याला त्या गोषवाऱ्यांतून कळतो. मनोहर कदम यांच्यासारख्या अभ्यासकांनी चिकाटीने लोखंडे यांचे चरित्र उभे केले, ते अशाच विखुरलेल्या साधनांतून. विचार करा: ज्यांच्यावर टीका केली त्यांनी आपले पत्र जपले, आणि ज्यांच्यासाठी ते काढले त्या आपण ते रद्दीत घातले.

‘आपण’ म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी महाविद्यालयात शिकत होतो. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप. रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या काळातली पत्रके, युनियनची साप्ताहिके, सभांच्या जाहिराती वडिलांनी एका लोखंडी पेटीत घालून ठेवल्या होत्या. काही अंकांच्या समासात त्यांनी पेन्सिलीने हिशेब मांडलेले होते: वाण्याचे देणे, गावाहून आलेले तांदूळ, मोडलेले दागिने. वडील गेल्यावर आम्ही चाळीतली खोली सोडली. नव्या घरात जागा कमी होती. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक, कामगारांच्या राहणीमानावर व्याख्याने देणारा. मी ती पेटी उघडली, वरचे दोन कागद पाहिले आणि सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. एका संपात कामगाराचे घर कसे चालले याचा अस्सल पुरावा मी वजनावर विकला. पुढे कित्येक वर्षांनी ‘दीनबंधु’चे अंक मिळत नाहीत म्हणून तक्रार करताना मला त्या पेटीची आठवण झाली, तेव्हापासून ती तक्रार करताना माझा आवाज खाली येतो.

हे काही केवळ जुन्या कागदांविषयीचे हळवेपण नव्हे. कामाच्या तासांचाच हिशेब पाहा. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या दिवसाला कायद्याने पहिली मर्यादा घातली १९११ मध्ये, कापड गिरण्यांत, बारा तासांची. १९२२ मध्ये अकरा तास झाले, १९३४ मध्ये दहा, १९४६ मध्ये नऊ. एकेक तास कमी करावयास दहा-बारा वर्षांची झुंज द्यावी लागली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. कामगाराची संमती आणि जादा कामाचा मोबदला या अटी आहेत, असे सांगितले जाते. कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय, हे आपणास मी सांगावयास नको. बारा हा आकडा १९११ चा आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो नवा आणि आधुनिक वाटतो. विस्मरणाचा फायदा कोणाला होतो हे यावरून ध्यानात यावे.

२००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. परळच्या सरकारी श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. ही गौरवाची गोष्ट आहे. पण त्यांचे खरे स्मारक म्हणजे कामगाराचा प्रश्न कामगाराच्या हिशेबाने मांडणारे पत्र. घरपोच सामान पोहोचविणारा मुलगा किती तास रस्त्यावर असतो, त्याचा दंड कोण ठरवितो, सफाईच्या कंत्राटात पगाराची तारीख कोणती, हे आज कोण नोंदवीत आहे? मोठी दैनिके नोंदविणार नाहीत. ते काम आपले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझ्या तीन साध्या सूचना आहेत. आपल्या पत्राला वर्गणीदार मिळवा, देणगीदार नंतर. दहा रुपये देणाऱ्या शंभर वाचकांपुढे संपादकाला उत्तर द्यावे लागते, हजार रुपये देणाऱ्या एकापुढे मान लववावी लागते. दुसरे, प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका कामाच्या ठिकाणाची नोंद महिन्याला एकदा पत्राकडे पाठवावी: तास, पगार, पगाराची तारीख, अपघात. भाषा साधी असू द्या, आकडे बरोबर असू द्या. तिसरे, प्रत्येक अंकाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, आणि आपल्या घरी वडिलांची, आजीची अशी एखादी पेटी असेल तर ती आज रात्री उघडा. मी केले ते करू नका.

‘दीनबंधु’च्या माणसांजवळ पैसा नव्हता, सत्ता नव्हती, वाचणारा वर्गही पुरेसा नव्हता. तरी त्यांनी पगाराच्या पंधरा तारखेची मागणी लिहून ठेवली. आपण निदान तेवढे नेमकेपण राखू या.